गावबाचे तीन खंड

गेल्या रविवारी पहाटे पावणेतीनला 'व्हील ऑफ टाइम' संपलं. चौदा खंड. (प्रीक्वल धरला तर पंधरा, पण तो मी अजून वाचलेला नाही आणि त्यावरून इथे भांडण नको.) पहिला खंड हातात घेतला तेव्हा मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, विष्णुपुरीच्या हॉस्टेलवर. शेवटचा मिटला तेव्हा पुण्यात, नोकरीत, आणि चष्म्याचा नंबर दीडने वाढलेला. मधली तीन वर्षं मात्र मी त्यातलं एक पानही वाचलं नाही. मुद्दाम वाचलं नाही. ते का, आणि त्यात माझं काय चुकलं, ते सांगायचंय.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉबर्ट जॉर्डन नावाचा अमेरिकन लेखक. खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी. व्हिएतनाममध्ये लढून आला, मग फिजिक्स शिकला, मग नौदलासाठी न्यूक्लिअर इंजिनिअर म्हणून काम केलं, आणि मग नोकरी सोडून कादंबऱ्या लिहायला बसला. (आपल्यातलाच म्हणायचा!) १९९० साली पहिला खंड आला, 'द आय ऑफ द वर्ल्ड'. एका खेड्यातली तीन पोरं, त्यातला एक जगाला वाचवणारा, आणि कोण ते कुणालाच माहीत नाही. सुरुवात अगदी ओळखीची. पण मला ते पुस्तक धरून बसलं ते वेगळ्याच कारणाने.

एक म्हणजे ते खेडं. तिथे पुरुषांची एक ग्रामसभा असते आणि बायकांचं एक वेगळं मंडळ असतं. सभेतले पुरुष समजतात गाव आपण चालवतो आणि मंडळातल्या बाया त्यांना तसं समजू देतात. लातूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे काल्पनिक वाटेल का, सांगा. दुसरं म्हणजे काळाचं चाक. सात आऱ्या, सात युगं, सगळं पुन्हा पुन्हा येणार, युगाची आठवण पुराण होणार आणि पुराणही विसरलं जाणार. माझ्या हॉस्टेलमधल्या एका मित्राला हे 'काय भन्नाट कल्पना आहे' वाटलं होतं. मी म्हटलं, बाबा, आमच्या गावच्या देवळात हे दरवर्षी चातुर्मासात सांगतात, फुकट.

पहिले सहा खंड एका सीनियरने दिले. पास आऊट होताना त्याने गादी विकली, कूलर विकला, आणि ही सहा जाडजूड पुस्तकं मात्र कुणी घेईना म्हणून माझ्या खोलीत टाकून गेला. नांदेड-लातूर एसटीत, लोहा, अहमदपूर करत, खिडकीच्या काचेचा खडखडाट ऐकत ती वाचली. पुढे नोकरी लागल्यावर पुण्याहून गावी जाताना पनवेल-नांदेड एक्स्प्रेसमध्ये वरच्या बर्थवर. पात्रं इतकी होती की मी एक्सेल शीट केली होती: नाव, गाव, कोणाच्या बाजूने, जिवंत की मेलेला. चौथा कॉलम सारखा बदलावा लागायचा.

आता सातव्या खंडापासून पुढे काय होतं हे वाचणाऱ्यांना माहीत आहे. गोष्ट रुतते. चिखलात बैलगाडी रुतावी तशी. पेरिन नावाचा लोहार आहे, आपल्या तीन पोरांपैकी एक. आठव्या खंडाच्या शेवटी त्याच्या बायकोला पळवून नेतात. ती सुटते अकराव्यात. मधली दोन-अडीच पुस्तकं हा माणूस बर्फात उभा राहून दाढी खाजवतोय! दहावा खंड, 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट', २००३ सालचा, त्याची तर कमालच. नवव्याच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते, आणि दहाव्यातली बरीचशी पात्रं तीच घटना लांबून बघतात. म्हणजे 'अरे, तिकडे काहीतरी चमकलं' असं आळीपाळीने सगळे म्हणतात. बाकी स्कर्ट झटकणं, चहा पिणं आणि वेणी ओढणं. लोक चिडले होते ते उगाच नाही.

हे मी अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे आजोबा. औसा तालुक्यातलं आमचं गाव. तिथे चातुर्मासात देवळात रामायण लावतात, एकनाथ महाराजांचं भावार्थ रामायण. आषाढीला सुरू करायचं, रोज रात्री जेवणं झाल्यावर दोन-तीन अध्याय. एक वाचक असतो, तो चालीवर ओवी म्हणतो. एक सूचक असतो, तो तिचा अर्थ फोडून सांगतो. अण्णा सूचक होते. मला आठवतं तेव्हापासून.

मी गावी गेलो की पुस्तक हातात बघून ते विचारायचे, "तुझ्या पोथीत पुढं काय झालं?" मग ओसरीवर बसून मी त्यांना रँडची, मॅटची, पेरिनची गोष्ट मराठीत सांगायचो. आजी आतून भाकरी थापता थापता ऐकायची. अण्णांनी सगळी नावं बदलून टाकली होती. नायनीव्हला ते 'ती येणीवाली वैदीण' म्हणत. दहाव्या खंडाबद्दल मी तक्रार केली तर हसले आणि म्हणाले, "युद्धकांडात बी असंच असतंय. बाण सुटला की लागायला तीन दिस लागतात. पण त्या तीन दिवसात लोक घरी जात नसतात." म्हणून मी दहावा पूर्ण वाचला. एकही पान न गाळता. मला अजूनही वाटतं की दहावा गाळा, सारांश वाचा असं सांगणारे लोक चुकीचा सल्ला देतात. अकराव्यात लोहार शेवटी जे करतो त्याचं वजन त्या दोन-अडीच पुस्तकांच्या कंटाळ्यातून येतं. कंटाळा काढून टाकला तर नुसती मारामारी उरते.

असो. मुद्दा तो नाही. मुद्दा बाराव्याचा.

अकरावा खंड, 'नाइफ ऑफ ड्रीम्स', २००५ मध्ये आला. २००६ च्या मार्चमध्ये जॉर्डनने स्वतःच जाहीर केलं की आपल्याला अमायलॉइडोसिस झालाय, रक्ताचा एक दुर्मिळ आजार. १६ सप्टेंबर २००७ ला तो गेला. (आपल्या मुक्तिसंग्राम दिनाच्या आदल्या दिवशी, म्हणून मला तारीख पाठ आहे.) शेवटचा खंड लिहायचा राहिला. पण जाण्याआधीच्या महिन्यांत त्याने घरच्यांना बसवून शेवट सांगितला, टिपणं ठेवली, काही भाग बोलून रेकॉर्ड केला, आणि अगदी शेवटचा प्रसंग स्वतः लिहून ठेवला. त्याची बायको हॅरिएट मॅकडूगल, जी त्याची संपादकही होती, तिने ब्रँडन सँडरसन नावाच्या तरुण लेखकाला काम दिलं. का, तर जॉर्डन गेल्यावर त्याने लिहिलेला श्रद्धांजलीचा लेख तिच्या वाचनात आला. तो शाळकरी वयापासून ही मालिका वाचत आलेला. एका खंडाचे तीन झाले: २००९, २०१० आणि जानेवारी २०१३.

हे सगळं मी सुरू करण्याच्या आधीच घडून गेलेलं. चौदाही खंड दुकानात होते. तरी अकरावा संपल्यावर मी थांबलो. माझं मत ठाम होतं: लेखक गेला की गोष्ट तिथे संपली. पुढचं म्हणजे प्रकाशकाचा धंदा. दुसऱ्याच्या आवाजात मला रँड ऐकायचा नाही. रूमवर यावरून वाद झाले, मी ते जिंकलो. (निदान समोरचे झोपायला गेले.) खरं सांगायचं तर या मताचा मला थोडा अभिमानच होता. आपण किती कडक वाचक आहोत, असा.

आणि मला उदाहरणंही देता यायची. टेरी प्रॅचेटने सांगून ठेवलं होतं की माझं अपूर्ण लिखाण नष्ट करा, आणि २०१७ मध्ये त्याची हार्ड डिस्क खरोखरच वाफेच्या रोडरोलरखाली घातली. याला म्हणतात शेवट! हे उदाहरण मी फार वापरलं. त्यातली गोची मला तेव्हा दिसली नाही. रोडरोलर प्रॅचेटला हवा होता. जॉर्डनला नको होता. तो मरताना टेपवर गोष्ट सांगत होता. आणि मी त्याच्या वतीने रोडरोलर चालवायला निघालो होतो.

त्या वर्षी दिवाळीत अण्णांनी विचारलं, "पुढं?"

मी म्हटलं, "संपलं अण्णा. लिहिणारा वारला."

"मंग गावबा न्हाई का कुणी?"

आता गावबा कोण ते सांगायला हवं. भावार्थ रामायण हा नाथांचा अखेरच्या काळातला ग्रंथ, सुमारे ४०,००० ओव्यांचा. १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथ गेले तेव्हा तो पुरा झालेला नव्हता. युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत नाथांचं आणि पुढे गावबाचं, असं परंपरा सांगते. गावबाची गोष्ट अशी की त्याला रोज पुरणपोळी लागायची. गरीब आई ती रोज कुठून आणणार? तिने पोराला नाथांच्या घरी आणून सोडलं. तिथे तो पुरणपोळ्या खाऊन राहिला, लोक त्याला बावळट समजत. नाथांनी मंत्र द्यायचं म्हटलं तर म्हणाला, मी 'एकनाथ' सोडून दुसरं काही म्हणणार नाही. नाथांचा जायचा दिवस जवळ आला तेव्हा लोकांनी विचारलं, रामायण कोण पुरं करणार? नाथ म्हणाले, गावबा. लोक हसले. आणि त्याने पुरं केलं.

गोष्ट शब्दशः खरी किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण नीट बघा: मागे ठेवलेलं काम, गुरूच्या नावाशिवाय दुसरं काही न म्हणणारा, आणि विद्वानांना सोडून त्यालाच निवडणं. जॉर्डनच्या घरात २००७ मध्ये जे झालं ते पैठणला चारशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय.

आणि ही एकच गोष्ट नाही. बाणभट्टाची 'कादंबरी' अर्धी राहिली, ती त्याच्या मुलाने पुरी केली. तो सुरुवातीलाच सांगून टाकतो की गोष्ट अर्धी राहिली म्हणून चांगल्या लोकांना दुःख होत होतं, ते बघून मी हे करतोय, कवी म्हणून मिरवायला नाही. मराठीत आपण नॉव्हेलला जो शब्द वापरतो तो त्या पुस्तकावरून आलाय. म्हणजे ज्या पुस्तकाच्या नावाने आपण सगळ्या कादंबऱ्यांना हाक मारतो, तेच दोन हातांनी लिहिलेलं आहे. आणि मी हॉस्टेलवर शुद्धतेच्या गप्पा मारत होतो!

तर अण्णांना मी म्हटलं, "आहे गावबा. पण मी वाचत नाही."

"का?"

मी माझं भाषण दिलं. आवाज, शैली, मूळ लेखकाचा मान वगैरे. अण्णांनी ऐकून घेतलं. "मंग वाच की," एवढंच म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. त्यानंतरही दोनदा विचारलं त्यांनी. मी हसून टाळलं.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर आठवड्याने अण्णा गेले. चातुर्मास निम्मा झालेला, देवळात रामायण चालू. आम्हाला सूतक, त्यामुळे घरचं कुणी देवळात जाऊ शकत नव्हतं. तेरा दिवस वाचक एकटाच ओव्या म्हणत होता आणि सूचकाची जागा रिकामी होती. रात्री आमच्या अंगणात ऐकू यायचं: ओवी, मग जरा शांतता, मग पुढची ओवी. ती शांतता अण्णांची होती. मी घरूनच काम करत होतो, लॅपटॉप मांडीवर, नेटवर्क मिळावं म्हणून गच्चीत. ते ऐकत कोड लिहिणं जमत नव्हतं.

तेराव्यानंतर गावातल्यांनी चुलतभावाला बसवलं. दादाचं औशात खत-बियाण्यांचं दुकान आहे. माणूस चांगला, पण सूचक? तो इंद्रजिताच्या रथाचा अर्थ सांगताना ट्रॅक्टरच्या हॉर्सपॉवरवर गेला. एका ओवीचा अर्थ चुकीचा सांगितला, वाचकाने खाकरून दुरुस्त केला. अण्णा एक शब्द घेऊन त्याभोवती पंधरा मिनिटं फिरायचे. दादाचं सगळं तीन वाक्यांत. मी मागे खांबाला टेकून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, यापेक्षा औंदा बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं. अण्णांच्या मानाखातर तरी.

घरी जाताना शेजारच्या मावशींना बॅटरी धरून सोडायला गेलो. ऐंशीच्या पुढच्या आहेत, गुडघे गेलेत, तरी चुकवत नाहीत. मी जरा कुरकुरलो, दादाबद्दल. त्या म्हणाल्या, "आण्णाची सर न्हाई रं. पण पुढं काय झालं ते तर कळालं."

मी काही बोललो नाही. त्यांना रामायणात पुढे काय होतं ते माहीत नाही असं थोडंच आहे? साठ-सत्तर वर्षं ऐकतायत.

दोन-चार दिवसांनी, पितृपक्षाच्या शेवटाला, युद्धकांडाचा ४४ वा अध्याय आला. अण्णा दरवर्षी त्या रात्री थांबून सांगायचे, "इथून पुढं गावबा," आणि घरून पुरणपोळीचा नैवेद्य न्यायचे. त्यांनीच पाडलेली पद्धत. दादाला ते माहीतच नव्हतं, तो सरळ पुढे चालला होता. तेवढ्यात मावशींचा नातू डबा घेऊन आला. आमच्याकडे वर्षभर सण नाही, पुरण घालायचं नाही, म्हणून आजीने शेजारून करून घेतली होती. दादा डब्याकडे बघत राहिला. मग वाचकाकडे बघितलं. वाचक म्हणाला, "सांग की, इथून पुढं गावबा." दादाने सांगितलं. त्याचा आवाज जरा बसला होता.

त्या रात्री गच्चीवर मी फोनवर बारावा खंड विकत घेतला.

वाचल्यावरचं मत सांगतो, कारण ते न सांगता पळणं बरोबर नाही. सांधा दिसतो. बाराव्याच्या पहिल्या शंभर पानांतच दिसतो. सँडरसनची वाक्यं आखूड, जॉर्डनसारखं कपड्यांच्या भरतकामात रमणं नाही, माणसं पटकन मुद्द्यावर येतात. मॅट तर पहिल्या पुस्तकात साफ बिघडलाय. त्याचा विनोद वाकडातिकडा विनोद न राहता सरळ जोक मारणं झालाय, आणि हे सँडरसनने नंतर स्वतःच कबूल केलं. त्याने सुरुवातीलाच सांगितलंय की मी जॉर्डनची नक्कल करणार नाही, नट तेच, पटकथा तीच, फक्त दिग्दर्शक नवीन आहे असं समजा. हे मला आवडलं. नक्कल केली असती तर चार पानांत उबग आला असता. आणि रुतलेली गाडी त्याने बाहेर काढली. बाराव्यात रँडचं जे होतं ते (सांगत नाही, घाबरू नका) मी लातूर स्टेशनवर रात्री गाडीची वाट बघत वाचलं आणि गाडी आलेली कळली नाही. चौदाव्यात शेवटच्या लढाईचं एकच प्रकरण जवळपास २०० पानांचं आहे. ते एका बैठकीत वाचलं. रविवारी पहाटेचं जागरण ते हेच.

कामावर आम्ही हेच करतो की. नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या तरी कोडमध्ये बसून, त्याच्या कमेंटा वाचत, त्याला काय म्हणायचं होतं ते ओळखत पुढचं लिहायचं. तिथे कुणी म्हणत नाही की मूळ लेखक गेला, आता प्रॉडक्ट बंद करा. (काही प्रॉडक्टच्या बाबतीत म्हणायला हवं, पण ते पुन्हा केव्हातरी.) :) फरक एवढाच की सँडरसनचं नाव मुखपृष्ठावर जॉर्डनच्या खाली छापलंय. आमच्या देवळातल्या पोथीवर गावबाचं नाव नाही. ते अण्णा सांगायचे म्हणून कळायचं.

जॉर्ज मार्टिनच्या वाचकांचा ताप वेगळा. २०११ नंतर पुढचं पुस्तकच नाही आणि लेखक सुखरूप आहे. त्यांच्याबद्दल मी आता काही बोलत नाही. वाट बघणाऱ्याला तत्त्व शिकवायचा अधिकार माझा संपलाय.

शेवट चांगला आहे. जॉर्डनने लिहून ठेवलेलाच आहे तो, आणि मला वाटतं अण्णांना पटला असता. नक्की काय म्हणाले असते ते मी सांगू शकत नाही. तीन वर्षं ते विचारत होते आणि पुस्तक दुकानात होतं.

सोमवारी आजीला फोन केला, सहज. म्हटलं, आजी, ती अण्णांना सांगायचो ती गोष्ट, ती वाचून संपली. तिला आधी कळेना कुठली. मग म्हणाली, "आरं, त्या लोहाराची बायकू सापडली का?"

अकराव्यातलं मी अण्णांना फोनवर सांगितलं होतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं ती बाई तिकडे बर्फातच.

म्हटलं, सापडली. आषाढीला येतोय, सगळं सांगतो.